आधी दगड की आधी लाठी?

फीड, म्हणजे बातमीदाराने पाठवलेलं कच्चं चित्रीकरण, बावीस मिनिटांचं होतं. तालुक्याच्या गावाबाहेर हायवेवर कांद्याच्या भावासाठी रास्ता रोको होता आणि आमच्या स्ट्रिंगरने, म्हणजे कामापुरत्या बाहेरच्या बातमीदाराने, पहिल्यापासून शेवटपर्यंत कॅमेरा चालू ठेवला होता. नवखा पोरगा. काय ठेवायचं, काय टाकायचं हे त्याला अजून कळत नव्हतं, म्हणून त्याने सगळंच पाठवून दिलं. मी तेव्हा एका मराठी वृत्तवाहिनीत व्हिडिओ एडिटर होतो. दुपारची शिफ्ट होती. कानाला हेडफोन लावून मी ते फीड बघायला बसलो.

पहिली सतरा मिनिटं म्हणावं असं काहीच घडत नाही. माणसं डांबरावर बसलीत. कुणीतरी टाळ आणलेत, भजन चाललंय. ट्रॉलीतले कांदे रस्त्यावर ओतले जातात. तहसीलदार येतात, निवेदन घेतात, फोटो निघतो. बंदोबस्तावरचा एक जाडसर हवालदार घामाघूम होऊन टोपी काढतो, बसलेल्यांतला एक म्हातारा त्याच्यापुढे तांब्या धरतो, हवालदार तोंड न लावता वरून पाणी पितो. अठराव्या मिनिटाला एक खासगी ट्रॅव्हल्सवाला गर्दीतून गाडी पुढे रेटतो. तिथे धक्काबुक्की सुरू होते. कॅमेरा हलतो, शिट्ट्या वाजतात. एक काठी उगारलेली दिसते, एक दगड हवेत दिसतो. यातलं आधी काय, ते फ्रेम थांबवूनही कळत नाही, कारण नेमकी तेव्हाच कुणाची तरी पाठ मध्ये आलीय. चाळीसेक सेकंदांत सगळं निवळतं आणि माणसं परत खाली बसतात.

आउटपुट डेस्कवरून निरोप आला, ‘राड्याचं काढ आणि लूपवर टाक.’ मी चौदा सेकंद काढले. दगड स्पष्ट दिसत होता, काठी अर्धवट, म्हणून दगड पुढे घेतला आणि काठी मागे. तसं कर म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं. कट तसा बसत होता, एवढंच. त्या संध्याकाळी अँकरच्या शेजारच्या खिडकीत तो माणूस तोच दगड मारत राहिला, बातम्या संपेपर्यंत. रात्री घरी पोचलो तर वडील जेवता जेवता म्हणाले, ‘शेतकरीपण आता माजलेत बघ.’ वडिलांनी स्वतः पंचवीस वर्षं कांदा लावला होता.

खोटं मी काहीच दाखवलं नव्हतं. दगड खरा, काठी खरी, गाव खरं, तारीख खरी. सध्या बनावट व्हिडिओबद्दल पुष्कळ बोललं जातं. डीपफेक कसा ओळखायचा, चेहऱ्याच्या कडा कशा बघायच्या, याची पत्रकं शाळांमध्येही पोचली आहेत. पण पोलीस आणि आंदोलक यांच्याबद्दलचं आपलं मत बनावट व्हिडिओंनी फारसं घडलेलं नाही. ते घडलंय खऱ्या व्हिडिओंच्या तुकड्यांनी, आणि त्यातही तुकडा कुठे सुरू होतो त्याने. एडिटिंगचा पहिला धडा असा की दोन शॉट शेजारी ठेवले की मधला ‘म्हणून’ बघणारा स्वतः घालतो. लेव्ह कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाने शंभर वर्षांपूर्वी एकाच नटाचा तोच चेहरा वेगवेगळ्या चित्रांना जोडून हे दाखवून दिलं होतं. दगड, मग लाठी : पोलीस वैतागले म्हणून मारलं. लाठी, मग दगड : पोलिसांनी मारलं म्हणून लोक पेटले. दोन्हींत तेच चौदा सेकंद.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण इंग्लंडचं आहे. १८ जून १९८४ रोजी, खाणकामगारांच्या मोठ्या संपात, साउथ यॉर्कशरमधल्या ऑरग्रीव्हच्या कोक (भट्टीचा कोळसा) कारखान्याबाहेर हजारो कामगार आणि हजारो पोलीस समोरासमोर उभे होते. त्या रात्रीच्या बीबीसीच्या बातमीत आधी कामगार दगड मारताना दिसले आणि मग घोड्यांवरचे पोलीस त्यांच्या अंगावर गेले. त्या दिवशी तिथे असलेले लोक वर्षानुवर्षं सांगत राहिले, की आधी घोडे आले आणि नंतर दगड. दृश्यांचा क्रम उलटा लागला हे बीबीसीने पुढे मान्य केलं, गडबडीत चुकून झालं असं म्हणून. चुकून झालं असेलही. मी त्या खुर्चीत बसलेला माणूस आहे, त्यामुळे ‘चुकून’ या शब्दावर विश्वास ठेवायला मला जड जात नाही. पण बातमीच्या रात्री देशाने जे पाहिलं ते पाहिलं. दंगलीच्या गंभीर आरोपांखाली ९५ जणांवर खटले भरले, ते १९८५ मध्ये न्यायालयात कोसळले. कितीतरी पोलिसांच्या जबाबांत शब्दाला शब्द जुळणारी वाक्यं निघाली. १९९१ मध्ये साउथ यॉर्कशर पोलिसांनी ३९ कामगारांना सव्वाचार लाख पौंडांची भरपाई दिली. पोलिसांच्या वागण्याची चौकशी मात्र होत नव्हती. ती जाहीर व्हायला २०२५ साल उजाडलं. एका उलट्या क्रमाने एक्केचाळीस वर्षं खाल्ली असं मी म्हणणार नाही, कारणं पुष्कळ होती. पण ‘त्यांनीच सुरुवात केली’ हे एकदा डोक्यात बसलं की चौकशीची निकड कुणालाच वाटत नाही.

आता आपल्याकडे येऊ. १ सप्टेंबर २०२३, जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातलं अंतरवाली सराटी. मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे पाटील यांचं उपोषण २९ ऑगस्टपासून चालू होतं. त्या दिवशी तिथे लाठीमार झाला, अश्रुधूर सोडला गेला, दोन्हीकडची बरीच माणसं जखमी झाली. त्या रात्री महाराष्ट्रातल्या प्रत्येक फोनवर काही ना काही आलं. मला चार तासांत नऊ क्लिप आल्या. सात गावाकडच्या ग्रुपवरून, दोन पोलिसांत असलेल्या एका मित्राकडून. गावाकडच्या सातही क्लिप लाठी उगारलेली असताना सुरू होत होत्या. मित्राच्या दोन्ही दगड उडत असताना. कुठलीही क्लिप दुसरीला खोटं पाडत नव्हती, कारण त्यांचे काळ जुळतच नव्हते. आधी दगड की आधी लाठी, यावर पुढचे कित्येक दिवस विधानसभेपासून न्हाव्याच्या दुकानापर्यंत वाद चालला. सरकारी बाजू म्हणत होती दगडफेक आधी झाली, गावकरी म्हणत होते लाठी आधी. गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी काही दिवसांनी लाठीमाराबद्दल माफी मागितली, जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना सक्तीच्या रजेवर पाठवलं गेलं. वाद तरीही थांबला नाही. आजही तो काढलात तर समोरचा माणूस फोन उघडतो आणि क्लिप दाखवतो.

मला त्या वादाचं उत्तर माहीत असल्याचा आव आणायचा नाही. मला वाटतं तो प्रश्नच आपल्याला त्या क्लिपांनी शिकवला आहे, आणि तो चुकीचा प्रश्न आहे. ‘आधी कुणी’ हा दोन पोरांच्या भांडणातला प्रश्न. आई विचारते तो. त्यात दोन्ही बाजू सारख्या धरलेल्या असतात. पोलीस आणि जमाव सारखे नसतात. पोलिसाला बळ वापरायची परवानगी कायदा देतो आणि त्याच वेळी तिला हद्दही घालतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४८, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२९, म्हणतं की आधी जमावाला पांगायचा हुकूम द्यायचा आणि तो मानला नाही तर बळाने पांगवायचं. पांगवायचं. धडा शिकवायचा नाही. त्यामुळे खरे प्रश्न वेगळे निघतात. हुकूम ऐकू जाईल असा दिला का? पळायला वाट ठेवली का? जो पळतोय, जो खाली पडलाय, जी बाई ओट्यावर बसलीय, तिच्यावर काठी कशासाठी पडली? दगड आधी आला हे शंभर टक्के खरं धरलं तरी यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. लाठी आधी आली हे खरं धरलं, तरी बंदोबस्तावरच्या महिला शिपायाचं डोकं फोडणाऱ्याला माफी मिळत नाही.

चौदा सेकंदांच्या क्लिपमध्ये हे प्रश्न मावतच नाहीत. हुकूम दिला का हे बघायला दहा मिनिटं आधीचं लागतं. वाट होती का हे बघायला कॅमेरा मागे न्यावा लागतो. क्लिपमध्ये मावतो फक्त ‘आधी कुणी’. म्हणून आपण तेवढ्यावरच भांडतो.

सुरुवात हा एक कट झाला. बाकीचे कट त्याहून बारीक असतात आणि त्यांच्याकडे कुणी कट म्हणून बघतही नाही. लूप घ्या. एकाच क्रियेची वीस वेळा पुनरावृत्ती झाली की बघणाऱ्याला ती वीस क्रियांसारखी वाटते. डोकं मोजत नाही, साठवत जातं. मग गोल. क्लिपमधल्या एका माणसाभोवती लाल वर्तुळ काढलं की बाकीचे दोनशे पडद्यावरून पुसलेच जातात. मग आवाज. खऱ्या लाठीमाराचा आवाज फार विचित्र असतो, चपलांचा फटफटाट, श्वास, कुणाच्या तरी नावाने मारलेल्या हाका. तो काढून त्यावर ढोलताशा किंवा धडधडतं संगीत टाकलं की तीच दृश्यं सिनेमा होतात. अलीकडे पोलिसांचे चाहते म्हणवणारी कितीतरी पानं लाठीमाराचे असे रील टाकतात, गॉगल लावलेल्या साहेबांच्या संथ चालीवर. आंदोलकांच्या पानांवर हीच दृश्यं शोकगीतावर असतात. एकाच फीडची ही दोन पोरं एकमेकांना ओळखणार नाहीत.

आणि स्लो मोशन. याच्याबद्दल बरंच संशोधन झालंय. २०१६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना तोच हिंसक प्रसंग काहींना नेहमीच्या वेगात आणि काहींना संथ करून दाखवला. संथ बघणाऱ्यांना हल्लेखोराने ते जाणूनबुजून केल्याची जास्त खात्री वाटली, कारण त्याला विचार करायला वेळ होता असा भास होतो. पडद्यावर खऱ्या वेळेचं घड्याळ दाखवलं तर परिणाम थोडा कमी होतो, जात नाही.

पण संथपणा उलटाही चालतो. ३ मार्च १९९१ रोजी लॉस एंजेलिसमध्ये पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय मोटारचालकाला मारलं, तेव्हा समोरच्या इमारतीच्या बाल्कनीतून जॉर्ज हॉलिडे नावाच्या माणसाने हँडीकॅमवर ते टिपलं. दंडुक्याचे पन्नासहून अधिक फटके. टेप स्थानिक वाहिनीवर गेली आणि तिथून जगभर. वाहिनीने सुरुवातीचे काही अस्पष्ट सेकंद काढून टाकले होते. त्यात किंग एका पोलिसाच्या दिशेने झेपावताना दिसतो. पुढे न्यायालयात बचावपक्षाने त्या कापलेल्या सेकंदांचा पुरेपूर वापर केला आणि उरलेली टेप ज्यूरीला फ्रेम फ्रेम थांबवत दाखवली. इथे त्याचा हात हलला, इथे तो उठायला बघतोय. एकेका फ्रेममध्ये दंडुक्याचा फटका फटका राहिला नाही, नुसती काठीची एक जागा झाली. २९ एप्रिल १९९२ रोजी चारही पोलीस जवळजवळ पूर्ण निर्दोष सुटले. त्यानंतरच्या दंगलीत ५० हून अधिक माणसं मेली. म्हणजे वाहिनीने धूसर म्हणून कापलेले ते सेकंद बहुतेक लोकांना कळले न्यायालयात, तेही बचावपक्षाच्या तोंडून. कापले नसते तर मारहाण कमी क्रूर ठरली नसती. पण ‘हे आमच्यापासून लपवलं’ हे हत्यार वकिलांच्या हाती लागलं नसतं. आंदोलकांच्या बाजूने क्लिप कापणाऱ्या प्रत्येक पोराला मी हे सांगतो. तुझी बाजू खरी असली तर तुझ्या कटमुळे तीच लंगडी होते.

दिल्लीत हे आणखी जवळून दिसलं. १५ डिसेंबर २०१९ रोजी, नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्धच्या आंदोलनादरम्यान, पोलीस जामिया मिलिया विद्यापीठात शिरले. दोन महिन्यांनी, फेब्रुवारी २०२० मध्ये, विद्यार्थ्यांच्या गटाने ग्रंथालयातली ४९ सेकंदांची सीसीटीव्ही क्लिप बाहेर काढली. वर्दीतली माणसं बसलेल्या विद्यार्थ्यांना लाठ्यांनी मारताहेत. त्याच दिवशी काही वाहिन्यांवर दुसऱ्या क्लिप आल्या : तोंड झाकलेले विद्यार्थी ग्रंथालयात घुसताहेत, दाराला टेबल लावताहेत, आणि एकाच्या हातात दगड. अँकरनी तो दगड वर्तुळात घेतला. तथ्य तपासणाऱ्या अल्ट न्यूजने तीच दृश्यं स्वच्छ करून पाहिली तेव्हा तो दगड पैशांचं पाकीट निघालं. पाकीट! मला या प्रकरणातलं हेच सगळ्यात जास्त लक्षात राहिलंय. चित्रात पाकीटच होतं, दगड मथळ्यात होता, आणि डोळ्यांनी मथळ्याचं ऐकलं.

इथे एक माणूस हटकून म्हणतो, मग पूर्ण व्हिडिओ दाखवा, विषय संपला. मीही बरीच वर्षं हेच म्हणायचो. तितकं सोपं नाही. अमेरिकेत डॅन काहान या कायद्याच्या अभ्यासकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०२ माणसांना एका निदर्शनाचा तोच व्हिडिओ दाखवला. अर्ध्यांना सांगितलं, हे गर्भपात केंद्रासमोरचं निदर्शन आहे. अर्ध्यांना सांगितलं, लष्करभरती केंद्रासमोरचं. २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांना निदर्शकांचं म्हणणं पटत होतं त्यांना शांततेत चाललेला निषेध दिसला. ज्यांना पटत नव्हतं त्यांना वाट अडवणारे, अंगावर येणारे लोक दिसले. फरक नुसत्या मतांत नव्हता. काय घडलं, याच्या उत्तरांतही होता. पूर्ण व्हिडिओ म्हणजे पूर्ण सत्य नव्हे, हे मान्य करायला हवं.

कॅमेरा कुणाच्या अंगावर आहे यानेही फरक पडतो. पोलिसांच्या छातीवरचा बॉडी कॅमेरा समोरच्याला दाखवतो, तो घालणाऱ्याला नाही. २०१९ च्या एका अभ्यासात असं दिसलं की गाडीतल्या कॅमेऱ्यातून पाहिलं तर पोलिसाचं कृत्य जास्त हेतुपुरस्सर वाटतं आणि त्याच्याच बॉडी कॅमेऱ्यातून पाहिलं तर कमी. कापाकापी एका फ्रेमचीही नाही, तरी कल बदलला.

आणि कधी कधी अखंड फुटेजही बाजू घेतं. परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, बंद पुकारला गेला, त्याला हिंसक वळण लागलं, पोलिसांनी धरपकड केली. धरलेल्यांतला कायद्याचा एक विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत मेला. मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत कोठडीच्या सीसीटीव्हीचा हवाला दिला : मारहाण झाल्याचं त्यात दिसत नाही. शवविच्छेदनाच्या अहवालात मात्र अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याचं कारण होतं. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवायचा आदेश दिला. प्रकरण न्यायालयात आहे, ते तिथेच राहू द्या. मला एवढंच म्हणायचं की ‘कॅमेऱ्यात दिसत नाही’ आणि ‘झालं नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि पहिलं उच्चारून दुसऱ्याचं काम काढून घेता येतं.

तरीही मी पूर्ण फुटेजच मागतो. कारण फुटेज सगळ्यांकडे सारखं नाही. ज्या मोर्चात तुम्ही कधी गेला असाल त्यात तुम्हाला तो माणूस दिसला असेल : साध्या कपड्यातला, खांद्यावर कॅमेरा, पोलिसांच्या बरोबर पण पोलीस नाही. तो कंत्राटावरचा व्हिडिओग्राफर असतो, लग्नाच्या सीझनला लग्नं करतो. पहिल्या घोषणेपासून शेवटच्या गाडीपर्यंत तो शूट करतो. वर ड्रोन असतो. चौकात शहराचे कॅमेरे असतात. आंदोलकाकडे काय असतं? एक फोन, वीस टक्के चार्जिंग, आणि काठी पडायला लागल्यावर तो बाहेर काढायचं भान. त्याची क्लिप लाठीपासून सुरू होते कारण त्याआधी शूट करण्याजोगं काही आहे असं त्याला वाटलंच नव्हतं. त्याची क्लिप आखूड असते ती नाइलाजाने. पोलिसांनी प्रसारमाध्यमांना दिलेली क्लिप आखूड असते ती निवडीने. दोन्हींना ‘सिलेक्टिव्ह’ म्हणून एकाच तागडीत टाकणं हा मला अन्याय वाटतो.

नागरिकाच्या आखूड क्लिपनेच किती वेळा सरकारी कागद खोटा पाडलाय ते विसरू नये. २५ मे २०२० रोजी मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड मेला तेव्हा पोलिसांच्या पहिल्या प्रसिद्धीपत्रकाचा मथळा होता, पोलिसांशी संपर्कादरम्यान वैद्यकीय घटनेनंतर एका माणसाचा मृत्यू. त्याच्या मानेवर रोवलेल्या पोलिसाच्या गुडघ्याचा त्यात उल्लेखही नव्हता. सतरा वर्षांच्या डार्नेला फ्रेझर या मुलीने रस्त्यावर उभं राहून शूट केलं नसतं तर ती ‘वैद्यकीय घटना’च राहिली असती. प्रसिद्धीपत्रक हाही एक कटच असतो. त्याची टाइमलाइन आपल्याला दिसत नाही इतकंच.

दुसऱ्या बाजूचंही बोललं पाहिजे, नाहीतर मीही क्लिपच कापतोय. ११ ऑगस्ट २०१२, मुंबईचं आझाद मैदान. आसाम आणि म्यानमारमधल्या हिंसाचाराचा निषेध करायला सभा होती. त्याआधी भलतीकडची आणि फेरफार केलेली चित्रं फोनवरून फिरत होती. सभेतून दंगल उसळली, दोन माणसं मेली, महिला पोलिसांवर हात टाकले गेले, गाड्या जळल्या. अमर जवान स्मारकाला लाथ मारणाऱ्या तरुणाचा फोटो देशभर छापून आला आणि त्या फोटोवरूनच तो पुढे पकडला गेला. खोटी चित्रं आणि खरं चित्र, दोन्हींची ताकद एकाच घटनेत दिसली. पण त्या दिवशीच्या महिला शिपायांच्या वाट्याला काय आलं याचं असं एकही चित्र आपल्या डोळ्यांसमोर येत नाही. बंदोबस्तावरच्या शिपायाचे बारा-चौदा तास, वडापावावर काढलेली दुपार, लघवीला जायची सोय नसलेली महिला शिपाई, हे तर कुठल्याच क्लिपमध्ये नसतं. माझ्या फीडमधला तांब्याने पाणी पिणारा हवालदार तसाच गेला. तो ठेवला असता तर बातमी ‘राडा’ राहिली नसती, हे मला तेव्हाही कळत होतं.

मागण्या काय असाव्यात? जालन्याकडेच परत जाऊ, कारण इलेक्ट्रॉनिक पुराव्याचा देशभर लागू असलेला एक महत्त्वाचा निकाल तिथूनच आला आहे आणि हे जालनेकरांनाही फारसं ठाऊक नसतं. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनची मुदत उलटल्यावर घेतला गेला, असं त्यांचे प्रतिस्पर्धी कैलास गोरंट्याल यांचं म्हणणं होतं. पुरावा म्हणून निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रीकरण होतं. ते चित्रीकरण खरं असल्याचं प्रमाणपत्र, जे पूर्वीच्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब प्रमाणे लागतं, ते मागूनही अधिकाऱ्यांनी दिलं नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. जुलै २०२० च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की प्रमाणपत्र लागतंच, आणि ज्याच्या ताब्यात यंत्र आहे तो ते देत नसेल तर न्यायालयाकडे जाऊन मागवता येतं. वाद निवडणुकीचा होता, पण मुखडा तोच : कॅमेरा सरकारचा, चित्रीकरण सरकारचं, आणि ते खरं आहे असं लिहून द्यायला सरकारी माणूस तयार नाही. आता नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये त्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश किंमत, म्हणजे तिच्यावरून गणिताने निघणारा ओळखआकडा, तोही लिहावा लागतो, म्हणजे एक फ्रेम जरी उडवली तरी आकडा बदलतो. साधन आहे. ते लाठीमाराच्या चित्रीकरणाला त्याच संध्याकाळी लावायला काय हरकत आहे? जिथे बळ वापरलं गेलं तिथलं कंत्राटी व्हिडिओग्राफरचं, ड्रोनचं, चौकातलं सगळं चित्रीकरण हॅश लावून न्यायदंडाधिकाऱ्याकडे ठेवायचं. पोलिसांना त्यातली क्लिप माध्यमांना द्यायची असेल तर खुशाल द्यावी, पण मग मूळ चित्रीकरण किती मिनिटांचं आहे हे त्याच क्लिपवर लिहावं आणि आंदोलकांच्या वकिलालाही ते बघायला मिळावं. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासह सीसीटीव्ही लावायला आणि त्याचं चित्रीकरण अठरा महिने, किमान वर्षभर, जपायला सांगितलं आहे. ठाण्याच्या आतला कॅमेरा जपायचा आणि रस्त्यावरचा पुसायचा, याला काही अर्थ नाही.

वाहिन्यांकडून फार अपेक्षा ठेवायला मी तयार नाही, मी तिथून आलोय. पण एक गोष्ट फुकट होण्यासारखी आहे. पट्टीवर ‘एक्सक्लुझिव्ह’ लिहितो त्याच जागी ‘हेच दृश्य पुन्हा’ लिहायचं. लूप चालू असेतोवर. एका संपादकाला मी हे सुचवलं होतं. तो हसला आणि म्हणाला, ‘मग बघेल कोण?’ बरोबरच होतं त्याचं.

त्या बावीस मिनिटांचं पुढे काय झालं हे मी नंतर शोधायला गेलो होतो. स्ट्रिंगरने कार्ड पुसून दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम शूट केला होता. आमच्याकडे सर्व्हर भरला की जुनं फीड उडवायचा रिवाज होता, त्यात ते पंधरा दिवसांनी गेलं. चौदा सेकंद अजून यूट्यूबवर आहेत. खाली कुणीतरी लिहिलंय, ‘आधी दगड कोणी मारला ते स्पष्ट दिसतंय.’